फॉरमॅट मारण्याआधी

कॉम्प्युटर बिघडला की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘फॉरमॅट मारून घ्या.’ विंडोज उघडत नाही, नेट चालत नाही, प्रिंट निघत नाही, मशीन चालता चालता बंद पडते. तक्रार कोणतीही असो, उपाय हाच. तो पुष्कळदा लागूही पडतो, म्हणून तर इतका रुजला आहे. पण फॉरमॅट झाल्यावर मशीन कशाने बिघडले होते याचा पुरावाच पुसला जातो. मूळ दोष रॅममध्ये, वायरिंगमध्ये किंवा मरू घातलेल्या हार्डडिस्कमध्ये असेल, तर पंधरा दिवसांत तीच तक्रार परत येते. तोवर डेस्कटॉपवर ठेवलेली कागदपत्रे, मुलांचे फोटो, टॅलीचा डेटा आणि जमवलेले फॉन्ट गेलेले असतात.

हे पुस्तक त्या सल्ल्याच्या अलीकडच्या जागेसाठी लिहिले आहे. फॉरमॅट करायचे ठरवण्याआधी काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि पाहिलेल्यावरून काय ठरवावे, एवढाच त्याचा विषय आहे. दुरुस्ती म्हणजे आधी दोष ओळखणे, ही या पुस्तकाची भूमिका आहे. दोष नीट ओळखला की दुरुस्तीचे काम बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांचे उरते.

डेस्कटॉपच का घेतला, तेही सांगायला हवे. लॅपटॉप घरोघरी पोचले असले तरी शाळेची संगणक प्रयोगशाळा, ग्रामपंचायत, आपले सरकार सेवा केंद्र, डीटीपीचे दुकान, पतसंस्था, हिशेबनिसाचे ऑफिस इथली कामे अजून मोठ्या प्रमाणावर डेस्कटॉपवरच चालतात. फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी सेवा केंद्रातले एक मशीन बंद पडले, तर बाहेर रांगेत उभ्या असलेल्या मुलांचे नुकसान होते. दुसरे कारण असे की डेस्कटॉप उघडता येतो. इंटेलने १९९५ मध्ये मदरबोर्ड, कॅबिनेट आणि वीजपुरवठ्यासाठी एटीएक्स हे प्रमाण जाहीर केले आणि पुढे बहुतेक कंपन्यांनी ते स्वीकारले. त्यामुळे काही ब्रँडेड मशीनचा अपवाद सोडला, तर एका कंपनीचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, दुसऱ्या कंपनीच्या मदरबोर्डला चालतो. एक भाग काढून त्या जागी चालू स्थितीतला दुसरा लावून पाहणे हा दोष शोधण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, आणि तो डेस्कटॉपमध्ये मोकळा आहे. शिकायला याहून चांगले मशीन नाही.

मशीन कुठे अडते, हा या पुस्तकातला पहिला प्रश्न आहे. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप समोर येईपर्यंत सगळे ठरलेल्या क्रमाने घडते. भिंतीवरचे बटण चालू असेल, तर मशीन बंद असतानाही एसएमपीएस मदरबोर्डला ५ व्होल्टचा छोटा पुरवठा देत असतो. आपण कॅबिनेटवरचे बटण दाबले की मदरबोर्ड एसएमपीएसला पूर्ण सुरू व्हायला सांगतो. १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे सुरू होतात. ते स्थिर झाले की एसएमपीएस तसा संकेत पाठवतो, आणि तोवर थोपवून धरलेला प्रोसेसर कामाला लागतो. मग बायोस, किंवा अलीकडच्या मशीनमधले यूईएफआय, रॅम, ग्राफिक्स आणि कीबोर्ड तपासते आणि विंडोज कोणत्या डिस्कवर आहे ते शोधते. त्यानंतर विंडोजचा गाभा, मग ड्रायव्हर, मग लॉगिन, आणि सर्वांत शेवटी आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम.

हा क्रम पाठ असला की तक्रार ऐकतानाच निम्मे काम होते. पंखा फिरत नाही, दिवाही लागत नाही, म्हणजे सॉकेट, केबल, एसएमपीएस किंवा बटण पाहायचे. पंखा फिरतो पण डिस्प्ले येत नाही, तर रॅम किंवा ग्राफिक्स पाहायचे. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टात लागली आहे का, हेही तेव्हाच पाहायचे. कंपनीचा लोगो येतो आणि मग बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा संदेश येतो, तर डिस्क, तिची साटा केबल आणि बूटचा क्रम. विंडोजची चक्री फिरते आणि मशीन पुन्हा रिस्टार्ट होते, तर ड्रायव्हर, सिस्टिमच्या फाइली किंवा डिस्क. डेस्कटॉप दिसतो पण माउस हलवायलाही वेळ लागतो, तर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम आणि हार्डडिस्क. फॉरमॅटचा संबंध यातल्या शेवटच्या दोन पायऱ्यांशीच येतो, आणि तिथेही तो पहिला उपाय नसतो.

बायोस स्वतःही बोलते. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप आल्या तर दोष ग्राफिक्सचा असे. प्रत्येक कंपनीची बीपची भाषा वेगळी असल्याने मदरबोर्डचे माहितीपत्रक जपून ठेवायला हवे. आताच्या अनेक मदरबोर्डांवर सीपीयू, रॅम, ग्राफिक्स आणि बूट यांचे चार बारीक दिवे असतात. तपासणी जिथे अडते, तो दिवा लागून राहतो. कॅबिनेटचे झाकण काढून ते दिवे पाहायला स्क्रूड्रायव्हरशिवाय काही लागत नाही.

दोष दिसतो एकीकडे आणि असतो दुसरीकडे, हे या विषयातले मुख्य अवघडपण आहे. पुस्तकातली बहुतेक उदाहरणे मी याच कसोटीवर निवडली आहेत. त्यातली दोन-तीन इथे थोडी तपशिलाने सांगतो, म्हणजे पुढच्या प्रकरणांची रीत लक्षात येईल.

पहिले उदाहरण नेट चालत नसल्याच्या तक्रारीचे. शाळेतल्या एका मशीनवर कोणतीही वेबसाइट उघडली की कनेक्शन सुरक्षित नसल्याचा इशारा येतो. शेजारच्या मशीनवर त्याच केबलने नेट नीट चालते. ब्राउझर काढून पुन्हा टाकला जातो, अँटिव्हायरस बदलला जातो, शेवटी फॉरमॅटही होते, आणि इशारा तसाच राहतो. पाहायचे असते ते स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात: तारीख काही वर्षे मागे गेलेली असते. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. मशीनच्या घड्याळानुसार ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसते, म्हणून ब्राउझर दार अडवतो. आणि तारीख मागे का गेली? कारण मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो. तो सीआर २०३२ या नावाने कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. मशीनची वीज पूर्ण काढायची, जुना सेल खटक्यातून अलगद सोडवायचा, नवा अधिक चिन्ह वर ठेवून बसवायचा आणि बायोसमध्ये तारीख-वेळ लावायची. दुखरी जागा ब्राउझरमध्ये होती आणि कारण नाण्याएवढ्या सेलमध्ये.

दुसरे उदाहरण कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येण्याचे. घरोघरी याकडे काणाडोळा होतो, पायात चप्पल घालून काम भागवले जाते. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून अर्थिंगकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नीट असेल, तर त्यांतून येणारा अगदी थोडा प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंगच नसेल, तर कॅबिनेटचा पत्रा पुरवठ्याच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यात ११५ च्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह क्षीण असल्याने झिणझिण्यांवर निभावते. पण याचा अर्थ एवढाच की ज्या दिवशी आत खरोखर फेज पत्र्याला टेकेल, त्या दिवशी संरक्षण करायला अर्थिंग नसेल. शिवाय हाच तरंगता पत्रा कधी यूएसबीची उपकरणे, कधी प्रिंटर, कधी लॅन पोर्ट खराब करतो, आणि माणूस प्रिंटर बदलत बसतो. अशा वेळी इलेक्ट्रिशियनला बोलावून तीन पिनच्या सॉकेटची अर्थिंग तपासून घ्यावी. हे काम स्वतः करू नये.

एसएमपीएसचा डबा उघडू नये, ही सूचनाही याच जागी देतो, कारण पुस्तकात ती पुन्हा पुन्हा येणार आहे. वीज काढल्यानंतरही त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक भार काही काळ टिकून राहू शकतो. एसएमपीएस शंकास्पद वाटला, तर तो अख्खा बदलून पाहायचा.

तिसरे उदाहरण खास मराठीत काम करणाऱ्यांचे. फॉरमॅटनंतर जुन्या फाइली उघडल्या आणि मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग दिसला, म्हणून फाइली ‘करप्ट’ झाल्या असे मानून टाकून दिलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या फाइली शाबूत असतात. श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. तो फॉन्ट मशीनवर असेतोवर मराठी दिसते. फॉरमॅटमध्ये फॉन्ट गेला की खालचे संकेत उघडे पडतात. तोच फॉन्ट पुन्हा टाकला की मजकूर जागेवर येतो, आणि मग तो सावकाश युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेता येतो. एखाद्या संस्थेचा वीस वर्षांचा पत्रव्यवहार, एखाद्या लेखकाची अप्रकाशित हस्तलिखिते या एका गैरसमजापायी नष्ट होऊ शकतात. म्हणून या पुस्तकात फॉन्टचे वेगळे प्रकरण आहे, आणि ‘फॉन्टचे फोल्डर आधी बाजूला काढा’ ही सूचना डेटा वाचवण्याच्या यादीत सर्वांत वर आहे.

रॅमबद्दलही थोडे. पावसाळा सुरू झाला की ‘डिस्प्ले येत नाही’ ही तक्रार वाढते, विशेषतः कोकणपट्टीत, जिथे हवेत ओल आणि क्षार दोन्ही असतात. रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर मळाचा थर बसतो. दुकानात खोडरबराने रॅम पुसण्याची पद्धत आहे. ती चुकीची नाही, पण करायची तर नीट करावी. केबल काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरायचे, म्हणजे उरलेला भार निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवायची. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून रॅम कडांना धरून काढायची. मऊ पांढऱ्या रबराने हलक्या हाताने पट्ट्या पुसायच्या, कारण त्यांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. रबराचा भुगा कोरड्या ब्रशने झाडायचा. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळाले तर रबराची गरजच नाही. परत बसवताना दोन्ही बाजूंनी खट् आवाज यायला हवा. रॅम दोन असतील, तर एकेक लावून पाहायची. त्यातून दोष रॅमचा की स्लॉटचा, तेही कळते.

एकेक लावून पाहण्याची ही शिस्त साऱ्या पुस्तकाला लागू आहे. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो करून मशीन पाहायचे. रॅम पुसली, साटा केबल बदलली आणि ड्रायव्हरही अपडेट केला, आणि मशीन चालू झाले, तर कशाने चालू झाले ते कधीच कळणार नाही. त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायचा: तक्रार सुरू होण्याआधी काय बदलले? नवा प्रिंटर आला का, अपडेट झाले का, जागा बदलली का, लाईट गेली होती का? मशीनची स्वतःची नोंदही पाहायची. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अनेक बिघाडांची वेळ आणि नाव असते, मात्र ते वाचायला शिकावे लागते. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसली की पुष्कळजण तेच कारण समजतात. ती नोंद मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढेच सांगते. कारण त्याच्या मागेपुढे शोधायचे असते: एसएमपीएसमध्ये, यूपीएसच्या दमलेल्या बॅटरीत किंवा धुळीने चोंदलेल्या पंख्यात. खोलीचे तापमान १० अंशांनी वाढले की प्रोसेसरचेही साधारण तेवढेच वाढते. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी बंद पडणारे आणि सकाळी नीट चालणारे मशीन म्हणूनच आधी ब्लोअरने साफ करून पाहावे.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत दोष ओळखण्याचे मोठे साधन म्हणजे सेफ मोड. त्यात विंडोज अगदी आवश्यक तेवढेच ड्रायव्हर घेऊन उघडते. दोष सेफ मोडमध्ये नाहीसा झाला, तर तो बाहेरून आलेल्या ड्रायव्हरचा किंवा प्रोग्रॅमचा असण्याची शक्यता मोठी. १९ जुलै २०२४ रोजी हे सगळ्या जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. विमानसेवा, रुग्णालये, बँका थांबल्या. आपल्याकडच्या विमानतळांवरही काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या मशीनचे हार्डवेअर शाबूत होते, विंडोज शाबूत होते, डेटाही शाबूत होता. सेफ मोडमध्ये जाऊन एका फोल्डरातली एक सदोष फाइल काढून टाकली की मशीन सुरू होत होते. ज्यांच्या डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सुविधेने कुलूपबंद होत्या आणि रिकव्हरी कीची नोंद हाताशी नव्हती, त्यांची मात्र फार अडचण झाली. निळी स्क्रीन म्हणजे फॉरमॅट, हे समीकरण किती खोटे आहे याचा याहून मोठा दाखला नाही.

डिस्कच्या बाबतीत मात्र घाई आणि सावकाशी दोन्ही लागतात. हार्डडिस्कमधून टिक्-टिक् आवाज येऊ लागला, तर विंडोजची चेकडिस्क ही तपासणी चालवू नये. त्या तपासणीत डिस्कचा कोपरान्‌कोपरा वाचला जाऊ शकतो आणि उरलेसुरले आयुष्य संपू शकते. आधी डेटा उतरवावा, तोही सर्वांत महत्त्वाचा आधी. एसएसडी जाताना बहुधा आवाजही करत नाही. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक वेगळ्या जागी, हा नियम घरच्या माणसानेही पाळण्याजोगा आहे.

पुस्तकात आणखी दोन विषय मुद्दाम घेतले आहेत. एक फसवणुकीचा. स्क्रीनवर अचानक मोठा इशारा येतो, भोंगा वाजतो आणि ‘मायक्रोसॉफ्टच्या या नंबरवर फोन करा’ असे लिहिलेले असते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. हा खोटा इशारा म्हणजे ब्राउझरमधली एक खिडकी असते, टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला की संपते. फोन करून कोणाला दूरस्थ प्रवेश दिला आणि पैसे गेले, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळवावे. दुसरा विषय जुन्या मशीनचा. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षाचिप लागते. त्यामुळे चांगली चालणारी असंख्य मशीन अडगळीत जाऊ लागली आहेत. त्यातली बरीचशी हार्डडिस्कच्या जागी एसएसडी टाकून आणि लिनक्स बसवून आणखी काही वर्षे शाळेत, वाचनालयात नीट काम देऊ शकतात. ते कसे, हे शेवटच्या प्रकरणात आहे.

दुरुस्तीच्या कामाला आपल्याकडे शिक्षणाची प्रतिष्ठा मिळालेली नाही, याचे मला वाईट वाटते. पुण्यात कैलास काटकर यांनी १९९० च्या दशकात दुरुस्तीचे दुकान चालवले. दुरुस्तीला येणारी पुष्कळ मशीन व्हायरसने बिघडलेली असतात हे तिथे दिसत होते, आणि त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला. क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी त्यातून उभी राहिली. त्याच त्याच दोषाकडे पाहून ‘हे का होते’ असे विचारणारा माणूस दुकानात बसूनही नवे काही घडवू शकतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत असे प्रश्न विचारणारी मुले आहेत. हे पुस्तक त्यांच्या हातात पडावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पुस्तक सलग वाचले तर चांगलेच, पण प्रकरणे तक्रारीनुसार लावली आहेत, तेव्हा गरजेपुरते वाचले तरी चालेल. मशीनजवळ एक वही ठेवावी. मदरबोर्डचे मॉडेल, रॅम, डिस्क, बिटलॉकरची की, वापरातले फॉन्ट आणि प्रत्येक दुरुस्तीची तारीख तिच्यात लिहावी. स्क्रीनवरचा एरर शब्दशः उतरवावा किंवा मोबाइलवर फोटो काढावा. दुकानात न्यायची वेळ आली, तर ती वही बरोबर न्यावी आणि ‘माझ्या परवानगीशिवाय फॉरमॅट करू नका’ असे स्पष्ट सांगावे.

आणि पहिले प्रकरण उघडण्याआधी एक काम करावे. आपल्या महत्त्वाच्या फाइली आज, मशीन नीट चालू असतानाच, दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. या पुस्तकातली प्रत्येक कृती ती प्रत केलेली आहे असे धरूनच लिहिली आहे.